हिंगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: खडा, पूड, फोडणी आणि पोटदुखी

हिंग म्हणजे नेमकं काय? बी, मूळ की डिंक?

वाळलेला चीक. फेरुला नावाची एक बहुवर्षायू वनस्पती आहे. गाजर, कोथिंबीर, जिरे, ओवा, बडीशेप ज्या कुळातली, त्याच कुळातली हीसुद्धा. इराण, अफगाणिस्तान, उझबेकिस्तान इथल्या थंड आणि कोरड्या डोंगराळ जमिनीत ती रानात वाढते. तिचं मूळ गाजरासारखं, पण चांगलं जाड असतं. रोप चार-पाच वर्षांचं झालं की वसंतात, फुलोरा येण्याआधी, मुळाभोवतीची माती उकरतात आणि वरचा भाग कापून टाकतात. कापलेल्या जागेतून दुधासारखा चीक पाझरतो. उन्हाने तो करपू नये म्हणून वर काटक्या-पाला रचतात. काही दिवसांनी घट्ट झालेला चीक खरवडून घेतात, मुळाची पातळ चकती कापून नवा काप देतात आणि पुन्हा झाकतात. असं साधारण तीन महिने चालतं.

ताजा चीक पांढरट असतो. हवा लागली की तो आधी गुलाबी, मग लालसर आणि शेवटी तपकिरी होतो. त्यामुळे खडा फोडल्यावर आत फिकट आणि बाहेर गडद दिसला तर घाबरायचं कारण नाही.

वास इतका उग्र का असतो?

हिंगाच्या उडनशील तेलात गंधकाची संयुगं असतात. कांदा आणि लसूण यांचा वासही गंधकाच्या संयुगांचाच. म्हणून कच्च्या हिंगाचा दर्प नको वाटतो, पण गरम तुपात पडला की काही सेकंदांत त्याच दर्पाला कांदा-लसूण परतल्यासारखी खमंग चव येते. जैन स्वयंपाकात आणि चातुर्मासातल्या बिनकांद्याच्या स्वयंपाकात हिंगाला एवढा मान आहे, तो या नात्यामुळे.

भारतात हिंग पिकत नाही का?

खाण्यात भारत अग्रेसर, पण कच्चा माल जवळजवळ सगळा बाहेरचा. २०२० च्या सुमारास वर्षाला साधारण १,२०० टन कच्चा हिंग आयात होत होता. पालमपूरच्या हिमालय जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने १५ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी एका शेतकऱ्याच्या शेतात हिंगाचं पहिलं रोप लावलं. बियाणं इराणहून आणलं होतं. बी फार कमी रुजतं आणि चीक मिळायला पाच वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे वाण्याकडे लगेच काही बदल दिसणार नाही.

प्रक्रिया मात्र आपल्याकडेच होते. उत्तर प्रदेशातलं हाथरस त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे आणि हाथरसच्या हिंगाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कोकणातून किंवा देशावरून कुणी ‘गावठी हिंग’ म्हणून विकत असेल, तर तो तिथे पिकलेला नाही एवढं नक्की.

डबीतली पिवळी पूड म्हणजे शुद्ध हिंग का?

नाही. तो बंधानी हिंग, म्हणजे बांधलेला हिंग. शुद्ध हिंग चिकट असतो, दळला जात नाही आणि त्याचा डोस हाताने मोजणं अवघड जातं. म्हणून त्यात डिंक आणि मैदा, गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळून तो ‘बांधतात’. ही भेसळ नाही, कायद्याने मान्य असलेली पद्धत आहे. अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधानी हिंगात अल्कोहोलमध्ये विरघळणारा अर्क किमान ५ टक्के असावा लागतो. या ५ टक्क्यांच्या वर कोण किती जातो, त्यावर डबीचा दर्जा ठरतो.

घटकांची यादी पाकिटावर छापणं बंधनकारक आहे, ती वाचा. पहिलं नाव ‘गव्हाचं पीठ’ असेल तर डबीत सर्वांत जास्त तेच आहे. पिवळा रंग हिंगाचा नसतो, हळदीचा किंवा घातलेल्या रंगाचा असतो. दोन कंपन्यांच्या डब्या एकाच मापाने वापरू नका. जुन्या डबीचा पाव चमचा आणि नव्या डबीचा पाव चमचा यांत दुपटीचा फरक पडू शकतो. नवी डबी आणली की पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्माच घालून पाहावा.

मग खडा घ्यावा की पूड?

रोजच्या आमटी-भाजीला चांगल्या बंधानी हिंगाची पूड पुरते, खड्याच्या मागे लागायची गरज नाही. लोणचं, पापड, मेतकूट, हिंग्वाष्टक (पचनाचं चूर्ण) यांसाठी आणि गहू वर्ज्य असलेल्यांसाठी खडा घ्यावा. फक्त लक्षात ठेवा, दुकानात ‘खडा हिंग’ म्हणून जे मिळतं तेही बऱ्याचदा बांधून वड्या पाडलेलं असतं. सगळे तुकडे एकाच मापाचे, एकाच रंगाचे आणि कडक असतील तर ते पिठाचे समजा. अस्सल खडा वेडावाकडा असतो, बोटाला चिकटतो, दाबला तर किंचित दबतो, आणि त्यात अधूनमधून मुळाची कुसळं किंवा मातीचे कण सापडतात. काबुली पांढरा हिंग वासाला जरा सौम्य असतो, लाल हिंग तिखट. ‘हिंगरा’ ही हलकी प्रत.

शुद्धता घरी कशी तपासायची?

खड्याचा छोटा तुकडा स्टीलच्या चमच्यात धरून पेटवा. चांगला हिंग कापरासारखा उजळ ज्योतीने पेटतो. परका राळ-डिंक मिसळलेला नीट पेटत नाही. दुसरी चाचणी पाण्याची. थोडी पूड पाण्यात हलवून ठेवली की पाणी दुधाळ होतं. तळाशी खरखरीत गाळ बसला तर माती किंवा शंखजिऱ्याची शंका घ्या.

आयोडीनचा थेंब टाकून निळं झालं म्हणजे भेसळ, असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. बंधानी हिंगात पीठ असतंच, तो निळा होणारच. ती चाचणी फक्त शुद्ध म्हणून विकलेल्या खड्याला लागू पडते.

खडा दळताना मिक्सरला चिकटतो. काय चुकतं?

कच्चाच दळला जातो, हे चुकतं. खडा जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने ठेचा आणि हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा, त्याहून मोठे नकोत. लहान कढल्यात चमचाभर तूप मंद आंचेवर तापवून त्यात तुकडे सोडा. आधी ते मऊ पडून कढल्याला चिकटू पाहतात, तेव्हा हलवत राहा. मिनिटभरात कडेने बुडबुडे येतात, तुकडे लाहीसारखे फुगतात आणि रंग बदामी होतो. याच क्षणी बाहेर काढा, कारण पुढच्या अर्ध्या मिनिटात ते काळे पडतात. गार झाल्यावर एक तुकडा मोडून पाहा. मधे चिकट गाभा दिसला तर तुकडे मोठे होते किंवा आंच मोठी होती. वरून भाजला, आत कच्चा राहिला. ठीक झालेला तुकडा बोटांत कुस्करला जातो. मग खलात सहज पूड होते.

तुपात तळल्यामुळे ही पूड महिन्याभरात संपवावी, नाहीतर खवट लागते. जास्त दिवस ठेवायची असेल तर कोरड्या तव्यावर मंद आंचेवर तुकडे फुलवून घ्या आणि एक भाग हिंगाला तीन-चार भाग कोरडं भाजून गार केलेलं तांदळाचं पीठ घालून एकत्र दळा. घरचा बंधानी हिंग तयार, तोही गव्हाशिवाय.

फोडणीत हिंग नेमका कधी घालायचा?

तेल तापलं, मोहरी तडतडून शांत व्हायला आली, जिरे फुलले, की हिंग. त्याच्या मागोमाग हळद आणि लगेच कढीपत्ता, मिरची किंवा भाजी. हिंगाला तेलात पाच ते दहा सेकंद पुरतात.

हा क्रम उगाच ठरलेला नाही. मोहरीला तडतडायला तेल कडकडीत लागतं. हिंग मोहरीआधी घातला तर मोहरी फुटेपर्यंत त्यातलं पीठ जळून काळं होतं. हळद हिंगाहूनही लवकर करपते, म्हणून ती शेवटी. कढीपत्त्यात आणि मिरचीत पाणी असतं, ते पडताच तेलाचं तापमान उतरतं आणि हिंग-हळद वाचतात. तेल फारच तापलंय असं वाटलं तर गॅस बंद करून मग हिंग घाला, तेलात उष्णता उरलेली असतेच. उलटी चूकही होते: कढीपत्ता टाकून तेल गार झाल्यावर हिंग घातला तर तो कच्चाच राहतो आणि आमटीला औषधी वास येतो.

हिंग पडल्यावर बारीक फेस येऊन वास पसरला, की झालं. तो फेस तपकिरी व्हायला लागला तर उशीर झाला.

तुपात हिंग तेलापेक्षा गोल लागतो. साध्या वरणावर किंवा मुगाच्या खिचडीवर घ्यायची हिंग-जिऱ्याची फोडणी तुपाचीच करावी, यात आम्हाला तडजोड मान्य नाही.

किती घालायचा?

चौघांच्या आमटीला किंवा भाजीला बंधानी पूड पाव छोटा चमचा. शुद्ध खडा असेल तर मुगाच्या दाण्याएवढा. लिटरभर मठ्ठ्याला पाव चमचा. कढीला त्याहून थोडा कमी, कारण आंबट ताकात हिंग लवकर पुढे येतो. हरभऱ्याची उसळ, छोले, वाटाणा, वाल यांना थोडा सढळ हाताने, चौघांना अर्ध्या चमच्यापर्यंत. कोशिंबिरीच्या फोडणीला चिमूटभर बस. पिठल्याला पाव चमचा, पण लसूण घालणार असाल तर चिमूटच.

हिंग जाणवावा पण ओळखू येऊ नये, हे माप. घास घेतल्यावर ‘आमटी छान झालीय’ वाटलं तर बरोबर; ‘हिंग घातलाय ना?’ असं कुणी विचारलं तर जास्त झाला.

हिंग जास्त पडला किंवा फोडणी करपली तर?

करपलेली फोडणी फेकून द्या आणि नवी करा. दोन चमचे तेल वाचवायला पातेलंभर आमटी कडू करण्यात अर्थ नाही, करपलेल्या हिंगाचा कडूपणा गुळानेही झाकत नाही. पदार्थात नुसता जास्त पडला असेल तर झाकण न ठेवता पाच-सात मिनिटं उकळा, वास बराच उडतो. आमटीत थोडा गूळ-चिंच वाढवा किंवा ओलं खोबरं घाला. मठ्ठ्यात एकच मार्ग, ताक वाढवणं.

फोडणीशिवाय हिंग वापरता येतो का?

हिंगाचं पाणी करून. खड्याचा तुकडा पाव वाटी कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचा; सकाळी पाणी दुधाळ होतं. सांबार, रसम, आमटी उकळताना त्यातलं चमचा-दोन चमचे घालतात आणि तोच तुकडा पुन्हा भिजत ठेवतात. तमिळ घरांत ही रीत सर्रास आहे. पाणी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं.

बंधानी पूड मात्र ताकात किंवा कोशिंबिरीत कच्ची भुरभुरू नये. त्यातल्या पिठाची कच्ची चव येते. मठ्ठ्यालाही चमचाभर तुपात जिरे-हिंग फुलवून घाला.

लोणच्यात हिंग किती आणि कसा?

एक किलो कैरीच्या फोडींना साधारण मीठ २०० ग्रॅम, मोहरीची डाळ १०० ग्रॅम, तिखट ६० ते ८० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, मेथी १५ ग्रॅम, बंधानी हिंग २० ते २५ ग्रॅम आणि तेल २५० ते ३०० मिली. शुद्ध खडा असेल तर ५-६ ग्रॅम पुरे.

हिंग दोन वेळा विभागून घालावा. खड्याचे तुकडे मेथीच्या आधी थोड्या तेलात फुलवून, गार करून, मेथीबरोबर कुटायचे. हा हिंग मसाल्यात मुरतो. उरलेल्या हिंगाची पूड मोहरीच्या फोडणीत घालायची, पण गॅस बंद केल्यावर. फोडणी पूर्ण गार होऊ द्या, तळहात पातेल्याला लावता आला पाहिजे. गरम तेल मोहरीच्या डाळीवर ओतलं की लोणचं कडवट होतं, आणि मग दोष उगाच हिंगावर येतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे न फुललेला खडा तसाच राहणं. दोन महिन्यांनी तो दाताखाली आला की अख्खं जेवण संपेपर्यंत तोंडातून जात नाही.

बरणीला हिंगाची धुरी का देतात? उपयोग होतो का?

बरणी धुऊन कडक उन्हात वाळवायची. जळता निखारा (निखारा नसेल तर पेटलेल्या करवंटीचा तुकडा) लोखंडी तव्यावर ठेवून त्यावर वाटाण्याएवढा हिंग टाकायचा. धूर उठला की बरणी उपडी धरायची, आत धूर कोंडला की सुलटी करून लगेच झाकण लावायचं आणि पंधरा मिनिटांनी लोणचं भरायचं. काचेची बरणी निखाऱ्यापासून चार-पाच बोटं वर धरा, टेकवली तर तडकते. चिनी मातीची बरणी सोसते.

धुरीने बरणीतला जुना वास जातो, लोणच्याला मंद हिंगाचा दरवळ येतो आणि आतला उरलासुरला दमटपणा कमी होतो. पण लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा, वर आलेलं तेल आणि कोरडा चमचा यांमुळे. मीठ निम्मं करून धुरी दुप्पट दिली तर बुरशी येणारच.

पापड, भाजणी, मेतकूट?

उडदाच्या पापडांना किलोभर पिठाला १० ते १५ ग्रॅम हिंग. तो कोरडा पिठात मिसळू नका, पापडखाराच्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या. कोरडा घातला तर लाटताना तपकिरी ठिपके दिसतात आणि तळताना तेवढीच जागा करपते. मेतकुटात हिंग तळून, पूड करून, दळण गार झाल्यावर घालावा. थालीपिठाच्या भाजणीत तो न घालता पीठ भिजवताना घातलेला बरा, भाजणी महिनाभर डब्यात राहून हिंगाचा वास उतरतो.

डाळीत हिंग घातला की खरंच गॅस होत नाही?

अर्धं खरं. डाळी-कडधान्यांत काही शर्करा अशा असतात की त्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. हिंग या शर्करा नष्ट करत नाही. आतड्याच्या स्नायूंची मुरड सैल होणं, वायू पुढे सरकणं, पाचकस्राव वाढणं यांत त्याची मदत होते असं परंपरा सांगते, आणि प्रयोगशाळेतली निरीक्षणंही साधारण त्याच दिशेची आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत अपचनाचा त्रास असलेल्या ४३ जणांपैकी ज्यांना हिंगाची २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, ३० दिवस दिली, त्यांना औषध नसलेली, निव्वळ नावाची गोळी घेणाऱ्यांपेक्षा आराम पडला. चाचणी लहान आहे, तिच्यावर फार इमले बांधू नयेत.

गॅस खरोखर कमी करायचा तर राजमा, छोले, वाल आठ-दहा तास भिजवून ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात बोटाने चिरडेपर्यंत शिजवा. त्यानंतर हिंगाचं काम सोपं होतं.

आयुर्वेदात हिंगाचे गुण काय सांगितलेत?

तिखट रसाचा, उष्ण, तीक्ष्ण, पाचक, वात आणि कफ कमी करणारा, पित्त वाढवणारा. पोटात मुरडा, फुगणं, ढेकर अडकणं, कृमी, दमा-खोकला यांत त्याचा उल्लेख येतो. संस्कृतात त्याला रामठ आणि बाल्हीक अशीही नावं आहेत. बाल्हीक म्हणजे बाल्ख, आजचा उत्तर अफगाणिस्तान; माल कुठून येतो हे नावातच लिहून ठेवलंय. औषधात कच्चा हिंग वापरत नाहीत, तुपात तळून ‘शुद्ध’ करून घेतात. कच्च्याने घशात आणि पोटात जळजळ होते, मळमळतं. शुद्ध हिंगाची मात्रा १२५ ते ५०० मिलिग्रॅम इतकीच आहे. ही मात्रा खऱ्या हिंगाची. डबीतल्या पुडीला हा हिशेब लागू होत नाही.

हिंग्वाष्टक चूर्ण घरी करता येतं का?

येतं. सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि तुपात तळलेला हिंग, अशी ही आठ द्रव्यं. प्रत्येकी १० ग्रॅम घेतली तर ८० ग्रॅम चूर्ण होतं. अजमोदा मिळाला नाही तर बरेच जण ओवा घालतात. हिंगाच्या भागाबद्दल वैद्यांत दोन मतं आहेत: काही इतरांइतकाच घेतात, काही मूळ श्लोकातल्या ‘आठव्या भागा’चा अर्थ लावून बराच कमी. घरी करताना कमीच घ्या, बाकी १० ग्रॅम असताना हिंग ३-४ ग्रॅम. चवीलाही सुसह्य होतं.

जिरे, शहाजिरे, अजमोदा हलके गरम करा, भाजून लाल करू नका. प्रत्येक वस्तू वेगळी दळून वस्त्रगाळ करा आणि मग मिसळा. एकत्र दळलं तर सुंठेचे तंतू राहतात आणि हिंगाची गोळी होते. सैंधव दमट असेल तर आधी तव्यावर कोरडं करा. घ्यायची पारंपरिक रीत म्हणजे जेवणाच्या पहिल्या घासाला, गरम भात-तुपात कालवून, पाव ते अर्धा चमचा. जेवण झाल्यावर पाण्याबरोबर घेणारे पुष्कळ आहेत, पण पहिला घास हीच मूळ सूचना. रक्तदाब असलेल्यांनी त्यातल्या मिठाचा हिशेब धरावा.

पोट फुगलंय, मुरडा येतोय. घरात काय करावं?

अर्धा चमचा ओवा, चिमूटभर तळलेला हिंग, चिमूटभर काळं मीठ चावून खाऊन वर कोमट पाणी. किंवा वाटीभर ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि तुपात फुलवलेला हिंग. तासा-दोन तासांनी एकदा पुन्हा घेता येईल, त्यापुढे रेटू नका.

मात्र काही दुखणी ‘गॅस’ नसतात. उजव्या बाजूला खाली सरकत जाऊन वाढत राहणारं दुखणं, सोबत ताप किंवा उलट्या, पोट फळीसारखं घट्ट होणं, शौच आणि वायू दोन्ही बंद होणं, काळी शौच होणं: यांत हिंग घेऊन वाट पाहू नये. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम आला तर तो गॅस समजून हिंग-सोडा देण्यात गेलेला अर्धा तास फार महाग पडतो. थेट रुग्णालय गाठा.

तान्ह्या बाळाच्या बेंबीला हिंग लावतात. चालतं का?

बाहेरून, पातळ करून, क्वचित. पोटात अजिबात नाही. लावायचाच असेल तर चिमूटभर हिंग दोन चमचे कोमट पाण्यात कालवून बेंबीच्या भोवती, बोटभर अंतर सोडून, पातळ लेप द्या आणि वाळला की ओल्या फडक्याने पुसून घ्या. नाळ गळून बेंबी पूर्ण सुकेपर्यंत तिथे काहीच लावू नये. त्वचा लाल झाली किंवा पुरळ आलं तर थांबा. बाळाला आराम पडतो त्यात पोटावरून फिरलेल्या कोमट हाताचा वाटा मोठा असतो, तेवढं नुसत्या हातानेही साधतं.

पोटात का नाही? पाच आठवड्यांच्या बाळाला हिंगाचं मिश्रण पाजल्यावर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटून प्रकृती गंभीर झाल्याची घटना १९८४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे. गुटीत उगाळून देण्याचा आग्रह घरच्या आजीबाईंचा असला तरी नाही म्हणा. बाळ थांबतच नाही इतकं रडत असेल, हिरवी उलटी झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर डॉक्टरकडे.

कुणी जपून राहावं?

गरोदर स्त्रियांनी. जेवणातला फोडणीचा हिंग वेगळा आणि औषध म्हणून घेतलेला वेगळा; दुसरा टाळा, परंपरेतही हिंग पाळी आणणाऱ्या औषधांत वापरला जातो. बाळंतिणीच्या आहारात तो असतो, तरी चूर्ण-गोळ्या वैद्याला विचारूनच.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर औषधी मात्रेत घेऊ नये. आम्लपित्त, पोटात व्रण, तोंड येणं, मूळव्याधीतून रक्त पडणं यांत हिंग आग वाढवतो. आणि ज्यांना गहू चालत नाही, त्यांच्यासाठी हिंगाची डबी हे आजाराचं हमखास लपलेलं कारण असतं: सगळा स्वयंपाक ज्वारी-तांदळाचा आणि फोडणीत रोज मैदा! ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलेला तांदळाच्या पिठाचा बंधानी हिंग आता परदेशातल्या भारतीय दुकानांतही मिळतो.

दाढ दुखताना हिंग ठेवतात, ते बरोबर आहे का?

रात्र काढण्यापुरतं. मोहरीएवढा तुकडा कापसात घालून किडलेल्या खळग्यातच ठेवा. हिरडीला लागला तर फोड येतो. कीड त्याने जात नाही. कानात हिंगाचं तेल मात्र घालू नये.

उपवासाला चालतो का?

बहुतेक मराठी घरांत नाही, आणि डबीत पीठ असल्याने तसाही अडतो.

साठवायचा कसा? वास सगळीकडे पसरतो.

काचेच्या किंवा पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डबीत, आणि ती डबी दुसऱ्या डब्यात. पातळ प्लास्टिकमधून वास बाहेर येतो. चहा, साखर, रवा आणि बिस्किटं यांच्या कप्प्यापासून दूर ठेवा, चहापूड हा वास लगेच ओढून घेते. मिसळणाच्या डब्यात रोजच्यापुरताच घाला, नाहीतर जिऱ्याला हिंग लागतो आणि हिंगाचा जोर जातो. उकळत्या पातेल्यावर डबी धरून हिंग भुरभुरण्याची सवय असेल तर ती सोडा. वाफ आत जाऊन चार दिवसांत दगड होतो. दगड झालाच तर मंद तव्यावर डबीबाहेर काढून कोरडा करा आणि पुन्हा कुटा.

परदेशी नेताना मूळ सीलबंद डबी, तिच्याभोवती दोन झिपच्या पिशव्या आणि बाहेरून जुना पत्र्याचा डबा. कपड्यांच्या बॅगेत शक्यतो नकोच.

हाताचा वास कोरडं बेसन चोळून, मग साबणाने धुतल्यावर जातो. डब्याचा वास जायला डबा उन्हात दोन दिवस उघडा ठेवावा लागतो.

हिंग जुना झाला हे कसं ओळखायचं?

खडा नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो, वरचा थर काळवंडला तर खरवडून टाका. पूड मात्र उघडल्यापासून सहा महिन्यांत उतरायला लागते. चिमूटभर पूड अर्धा चमचा गरम तुपात टाकून पाहा. दुसऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला वास गेला तर हिंग जिवंत आहे. कढल्यावर वाकून नाक लावावं लागत असेल, तर कुणी हिंग लावूनही विचारणार नाही अशी त्याची अवस्था झालेली आहे. उरलेला दोन दिवसांत पिठल्यात दुप्पट मापाने संपवा आणि नवी डबी आणा, छोटी.